ठिपका क्रमांक २४६

सत्तावीस मार्च, दुपारचे साडेतीन. अकरा यंत्रं, खरेदीची किंमत मिळून चार लाख अठरा हजार रुपये, आजची किंमत शून्य. हजर तिघे: भांडाराचे त्यागीबाबू, लेखाशाखेतल्या एक बाई आणि मी. मार्च संपत आला की आमच्या कार्यालयात जुन्या वस्तू निकाली काढायची समिती बसते. गेली चार वर्षं तिच्यावर मला घालतात, कारण मी प्रत्येक वस्तूचा क्रमांक वहीशी ताडून पाहतो आणि कोणी कितीही घाई केली तरी ऐकत नाही. यंत्रं तळहातात मावतील एवढी. उपग्रहाकडून आपली जागा टिपायची आणि तिथे उभं राहून केलेली नोंद साठवायची, एवढंच त्यांचं काम. भंगारात देण्याआधी आतली माहिती पुसली आहे असं लिहून द्यावं लागतं. त्यागीबाबू म्हणाले, गाडेकर साब, नऊ वर्षं बंद पडलीत, लिहा रिकामी म्हणून, चहा थंड होतोय. मी चार्जर मागितला. दहा यंत्रं मेलेली होती. सातवं वीस मिनिटांनी उजळलं.

त्यात चारशे बारा ठिपके होते. मी सवयीने मधलेच काही उघडून पाहिले, आणि दोनशे सेहेचाळीसवर थांबलो. खाली रिमार्कच्या चौकटीत मराठी मजकूर होता.

"रामरतीदेवी यांनी खाट टाकली, ताक दिलं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा या गल्लीच्या जागी जोहड होता, म्हशी बसत. पुढे राखेने भरला, वर मलबा टाकला. हातपंप बसवताना वीस फूट पाइप हातानं दाबूनच गेला म्हणतात. मुलं वर दोन मजले चढवणार आहेत. इथं एक बोअर हवाच."

जोहड म्हणजे इकडच्या गावांतलं तळं. मी ते उभ्याने वाचलं, मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचलं. नऊ वर्षं मला या नोंदीतला फक्त पहिला शब्द माहीत होता. त्यागीबाबूंनी विचारलं, काही निघालं का? मी म्हणालो, हे यंत्र आज जाणार नाही. यादीत अकराचे दहा करावे लागले आणि तिघांनाही पुन्हा सह्या कराव्या लागल्या.

दिल्लीचा मार्च बाहेर एक असतो आणि सरकारी खोल्यांत दुसरा. बाहेर सावरीच्या झाडाला पान नसतं, नुसती लाल जाड फुलं. ती खाली पडताना आवाज होतो, एखाद्याने ओला टॉवेल फरशीवर टाकावा तसा. कडुनिंब या दिवसांत पानं टाकतो. लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या क्वार्टरसमोर सकाळी झाडलेली जागा दहा वाजेपर्यंत पुन्हा पिवळी झालेली असते. रजया ऊन खाऊन दिवाणात जातात, कुलर अजून माळ्यावरच असतो, आणि मधले पंधरा-वीस दिवस असे मिळतात की अंगावर काही नको आणि पंखाही नको. होळीचा गुलाबी रंग जिन्याच्या कठड्याला महिनाभर राहतो. हातगाडीवर सोललेला हिरवा हरभरा येतो. आणि आत, खोल्यांमध्ये, एकतीस तारखेच्या आत पैसा खर्ची घालायचा असतो. वर्षभर न सुटलेली फाइल त्या आठवड्यात सुटते, कारण सुटली नाही तर पैसे परत जातात.

नऊ वर्षांपूर्वीचा मार्च असाच होता, आणि त्यात आमचा नकाशा संपवायचा होता. भूकंप कुठे होईल हे तो नकाशा सांगणार नव्हता; ते कोणालाच सांगता येत नाही. झाला, तर एकाच शहरात कुठली जमीन कमी हलेल आणि कुठली जास्त, एवढंच त्यात दाखवायचं होतं. माझा सहकारी रशीद इनामदार ही गोष्ट दह्यावर समजावून सांगायचा. रविवारी तो सरोजिनी नगरातून चालत आमच्याकडे जेवायला यायचा. जेवताना स्टीलची एक वाटी उपडी ठेवायचा, शेजारी लावलेल्या दह्याचं भांडं, आणि टेबलाला मुठीने हलकासा धक्का द्यायचा. माझ्या मुलीला म्हणायचा, बघ, वाटी म्हणजे रिजच्या टेकडीवरचा खडक आणि दही म्हणजे यमुनापारचा गाळ. धक्का दोघांना सारखाच बसला. मुलगी तेव्हा दहावीच्या परीक्षेत होती, दिल्लीतच वाढलेली. तो तिला मधेच विचारायचा, गाळ म्हणजे काय? ती म्हणायची, कीचड. पोकळ म्हणजे? ती माझ्याकडे बघायची. मग तो माझ्या बायकोला, नीताला म्हणायचा, "वहिनी, हिला बार्शीला पाठवा चार महिने, नाहीतर सासूशी भांडता यायचं नाही."

इनामदार बार्शीचा, मी साताऱ्याकडचा. तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आमच्या शाखेत मराठी आम्ही दोघेच. तो फील्डवर आणि मी संगणकावर. त्याने ठिपके आणायचे, मी त्यांचे थर लावायचे: माती कोणती, पाणी किती खोल, खडक किती खाली, बोअरमध्ये जमीन किती टणक लागली. प्रत्येकाला वजन द्यायचं, बेरीज करायची, आणि शंभर मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक रंग यायचा. हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. जमीन तपासायला पाडायचे बोअर आमच्या वाट्याला अडतीस होते. दोन बोअरांच्या मधल्या जागेत काय आहे हे कोणी पाहिलेलं नसतं. संगणक शेजारच्या आकड्यांवरून ते ठरवतो. बहुतेक वेळा बरोबर ठरवतो. या मधल्या जागांसाठीच इनामदारला घरोघर पाठवलं होतं, हातपंपांची आणि जुन्या विहिरींची खोली विचारायला.

त्याची काम करायची एक पद्धत होती. दारात उभा राहून तो कधी प्रश्न विचारत नसे. आधी बसायचं, जे देतील ते प्यायचं, घरातलं सगळ्यात जुनं माणूस कोण ते विचारायचं, आणि मग जमिनीचा विषय काढायचा. दिवसाला पंचवीस ठिपके व्हायला हवेत असं मी तक्त्यात लिहिलं होतं. त्याचे तेरा-चौदा व्हायचे. एकदा मी त्याच्याबरोबर गेलो होतो. उन्हात खाटेवर बसून त्याने एका म्हाताऱ्याच्या मोतीबिंदूबद्दल पाऊण तास ऐकलं आणि मग दोन मिनिटांत तीन विहिरींची खोली मिळवली. रिमार्क तो मराठीत लिहायचा, एका बोटाने, जोडाक्षराला अडखळत. मी विचारलं, इंग्रजीत का लिहीत नाहीस? म्हणाला, बाई जे बोलली ते इंग्रजीत नेईपर्यंत निम्मं सांडतं. आणि प्रत्येक रिमार्कची सुरुवात तो त्या माणसाच्या नावाने करायचा. ज्याच्या दारात बसलो त्याचं नाव शेवटी कसं लिहायचं, असं त्याचं म्हणणं.

यंत्रातली माहिती संगणकावर उतरवण्याचा तक्ता मी आखला होता. रिमार्कच्या रकान्याला मी तीस बाइटची जागा दिली. इंग्रजीत तीस अक्षरं मावतात, एका रिमार्कला पुरे. देवनागरीत एकेका खुणेला तीन बाइट लागतात, काना-मात्रासुद्धा वेगळ्या मोजतात. म्हणजे दहा खुणा. दहा भरल्या की पुढचं सगळं संगणक न विचारता कापतो, आणि कापलं असं सांगतही नाही. मला हे ठाऊक असायला हवं होतं. बहुधा ठाऊक होतंही, पण त्या रकान्यात मराठी येणार आहे हे आखताना माझ्या मनात नव्हतं. 'रामरतीदेवी' या नावात बरोबर दहा खुणा आहेत. नाव पूर्ण उतरलं, आणि त्यापुढचा जोहड, राख, मलबा, हातपंप काही उतरलं नाही.

त्या वर्षी एकोणतीस मार्चला रंगीत प्रत छापून भिंतीवर लावली होती. शाखेतले तिघे-चौघे समोसे खात तिच्यासमोर उभे होते. इनामदार बाहेरून आला, बुटांवर धूळ, आणि थेट त्या गल्लीवर बोट ठेवलं.

"गाडेकर, इथं पिवळा कसा काय?"

मी दोन्ही बाजूंचे बोअर दाखवले. एक तीनशे मीटरवर, दुसरा साडेतीनशे. दोन्हीकडे जमीन घट्ट. मध्ये पिवळा येणारच.

"अरे तिथं जोहड होता. भरलेला आहे. एक बोअर मार तिथं, मग छाप."

मी म्हणालो, बोअरचे पैसे संपले आणि दिवस दोन राहिलेत. लिहिलंयस कुठे? तो म्हणाला, रिमार्कात. मी रकाना उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. तिथे बाईचं नाव होतं, बाकी काही नाही. वरच्या ठिपक्यावर 'सुखबीर यां' आणि खालच्यावर 'मास्तर हरी'. तो वाकून बघत राहिला. मी लिहिलं होतं, असं हळू म्हणाला.

तेव्हा मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहितो. "इनामदार, चारशे बारा घरचा चहा पिऊन झाला. आता शेवटच्या दिवशी आठवून आठवून सांगू नकोस. रिमार्कला आकडा नसतो."

हे मी हिंदीत पुन्हा म्हटलं, कारण समोसे खाणारे बघत होते. ते हसले. इनामदारने चष्मा काढून रुमालाने पुसला, परत घातला आणि "बरं" म्हणाला. यंत्रं त्याच आठवड्यात साठा मोजणीसाठी भांडारात जमा झाली होती. ती बाहेर काढायची तर अर्ज करावा लागला असता आणि अर्जावर माझी सही लागली असती. त्याने मागितली नाही, आणि मीही देऊ केली नाही. संध्याकाळी मी तो रकाना निवडला आणि पुसून टाकला. पाहुण्यांची यादी कशाला ठेवायची, असा विचार केल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्या रकान्यातली एकही नोंद दहा खुणांपुढे गेलेली नव्हती. चारशे बारापैकी एकही नाही. ज्याला आकडे कळतात म्हणून पगार मिळतो त्याने एवढं तरी पाहायला हवं होतं.

मी त्याला खोटं बोलणारा ठरवलं, ते वीस वर्षांच्या ओळखीनंतर. तो रविवारी यायचा हळूहळू थांबला. भांडण असं झालंच नाही. कधी त्याला बरं नसायचं, कधी त्याच्या बायकोकडे, सलमावहिनींकडे कोणी आलेलं असायचं. नीताने दोनदा विचारलं, मी म्हणालो काम असेल. जूनमध्ये त्याची देहरादूनला बदली झाली. दुसऱ्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या आजाराने तो गेला. मी वहिनींना फोन केला, तेरा मिनिटं बोललो. दफनाला गेलो नाही. धुक्याने गाड्या उशिरा धावत होत्या हे कारण खरं होतं, पण गाड्या धावत होत्या.

आणखी एक गोष्ट आहे, ती मी नीतालाही या वर्षापर्यंत सांगितली नव्हती. नकाशा झाल्यावर एप्रिलमध्ये रामरतीदेवींचा मोठा मुलगा कार्यालयात आला होता. इनामदार साहेबांनी घरी सांगितलं होतं म्हणे, की नकाशा निघाला की मजल्यांचं विचारायला या. इनामदार त्या दिवशी फील्डवर होता. मी त्या मुलाला बसवलं, पाणी दिलं, नकाशाचा तो तुकडा मोठा करून छापून दिला. हा नकाशा एकेका घरासाठी नाही, असं खाली बारीक अक्षरात छापलेलं होतं. ते मी त्याला वाचून दाखवलं नाही. पिवळ्यावर बोट ठेवून म्हणालो, मध्यम आहे, नियमाने बांधा, ठीक आहे. तो हात जोडून गेला. मला बरं वाटलं होतं, कोणाच्या तरी उपयोगी पडलो म्हणून.

यंदाच्या मार्चमध्ये, त्या यंत्रानंतरच्या रविवारी, मी यमुनेपलीकडे गेलो. मेट्रो, मग ई-रिक्षा, मग चालत. गल्लीचं नाव इथे लिहीत नाही, कारण तिथे माणसं राहतात आणि उद्या कोणी त्यांच्या घराचा भाव पाडेल. ठिपका शोधायला यंत्र लागलं नाही. घर चार मजल्यांचं झालं होतं. खाली दुकानासाठी सगळी भिंत काढून नुसते खांब ठेवले होते, वर बाल्कन्या बाहेर आलेल्या, गच्चीवर पाण्याच्या तीन टाक्या. समोरच्या घरालाही चार मजले. गल्ली आठ फुटांची. एका बाल्कनीत शाळेचे सहा गणवेश वाळत होते. मी ते मोजले, कारण मी मोजतोच.

रामरतीदेवी खालच्या खोलीत होत्या. डोळ्याने कमी दिसतं, कान शाबूत. मी कार्यालयाचं नाव सांगताच त्यांनी विचारलं, ते चष्मेवाले मास्तरजी नाही आले? ताक परत मागून प्यायले होते. मी म्हणालो, ते वारले. त्यांनी पदर डोक्यावर ओढला. मग म्हणाल्या, भले आदमी थे, सारी बात सुनते थे. मी जे सांगायला आलो होतो ते त्या दिवशी सांगू शकलो नाही. गल्लीच्या तोंडाशी देवळाची मोकळी जागा आहे, तिथे जमीन तपासायला एक भोक पाडू द्याल का, एवढंच विचारून परतलो.

कार्यालयात मी तीस तारखेला टिपण दिलं, सोबत यंत्रातला मजकूर आणि माझी चूक काय झाली ते. पुढच्या सुधारित नकाशाच्या वेळी विचार होईल, असा शेरा आला. नव्या बोअरसाठी तरतूद नाही. नीताला सगळं सांगितलं, बोअर आपल्या पैशाने मारायचा आहे हेही. ती म्हणाली, "इतके दिवस तू हे घेऊन बसला होतास?" नंतर म्हणाली, एसी पुढच्या वर्षी घेऊ. सलमावहिनींना बार्शीला फोन केला. यंत्र सापडलं, इनामदारने लिहिलं होतं ते सगळं त्यात आहे, असं सांगितलं. त्या माझ्यावर रागावतील, असं धरूनच मी बसलो होतो. त्या म्हणाल्या, "ते म्हणायचे, गाडेकर हिशेबाचा पक्का आहे. त्याचं त्यालाच सापडेल एक दिवस." मग त्यांनी माझ्या मुलीची चौकशी केली.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता बलबीर आपली तीन माणसं आणि हातोडा टांगायची तिपाई घेऊन आला. खासगी बोअरची कामं करणारा माणूस, पन्नाशीचा, हाताला काळं तेल. नऊ मीटर जायचं, दर दीड मीटरला जमिनीचा टणकपणा मोजायचा, दोन दिवसांचं काम. मोजायची रीत सोपी आहे. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा पंचाहत्तर सेंटिमीटरवरून नळीवर पाडायचा आणि नळी एक फूट आत जायला किती घाव लागले ते लिहायचं. त्या दोन जुन्या बोअरांमध्ये आकडे बावीस आणि एकोणीस होते. देवळाच्या कडुनिंबाची पानं अजून गळत होती, कामगारांच्या खांद्यांवर, खड्ड्यात. गल्लीतली मुलं भिंतीवर बसून माझ्याबरोबर मोठ्याने मोजायला लागली.

दीड मीटरवर सहा. वर आली ती करडी राख, बोटाला पिठासारखी. तीन मीटरवर चार. साडेचारवर मुलांनी 'तीन' म्हटलं आणि नळी आत गेलेली होती. आणखी मोजायला मिळालं नाही म्हणून ती खट्टू झाली. वर काळा गाळ आला, त्याला तळ्याचा वास होता. सहावर पुन्हा तीन, आणि भोकात पाणी. साडेसातवर अकरा, नऊवर सतरा. तिथे जुनी जमीन लागली.

रामरतीदेवी नातीचा हात धरून आल्या आणि गाळ चिमटीत घेऊन हुंगला. मी त्यांना सांगितलं, खाली भराव आहे, पोकळ आहे, त्यावर चार मजले जड झाले, आणि आमचा नकाशा चुकला. तो मी चुकवला, हेही सांगितलं. खालचे खांब मजबूत करता येतात, दुकानाच्या जागी भिंत घालावी लागेल, चांगला इंजिनिअर मी घेऊन येतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हमने तो तभी बता दिया था," त्या म्हणाल्या. "मास्टरजी ने मेरे सामने बैठके लिखा था।"

मोठा मुलगा बाजूला उभा होता. त्याने मला ओळखलं असावं. त्याने एवढंच विचारलं की मग तेव्हा का नाही सांगितलं. मी त्याला तीस बाइटबद्दल काही बोललो नाही. माझी चूक, असं पुन्हा म्हणालो. तो वर गच्चीकडे बघत उभा राहिला. टाक्या भरून वाहत होत्या आणि कोणीतरी मोटर बंद करायला ओरडत होतं.

अकरा वाजता बलबीरने तिपाई उतरवली. बावीस हजार ठरले होते, ते मी पाकिटात मोजून आणले होते. त्याने पैसे हातात घेतले, आठ हजार वेगळे काढले आणि मला परत केले. मी म्हणालो, ठरलेले घ्या. तो म्हणाला, "नहीं साहब, दो दिन का माँगा था, चार घंटे लगे। ज़मीन में दम ही नहीं था, मेहनत काहे की लूँ।" बलबीरला चौदा हजार दिले, रोख. त्याने पावती दिली, ती टिपणाला मागाहून जोडली आहे.